कोरडं रडणं

आमच्या घरात लेकरू आजारी आहे का नाही, हे लेकराची आई सोडून सगळ्यांना विचारतात. आधी माझ्या आईला, मग थोरल्या भावाला, मग दारावरून जाणाऱ्या कुणालाही. जिनं ते लेकरू नऊ महिने पोटात आणि दहा महिने कडेवर वागवलं, तिचा नंबर सगळ्यात शेवटी. मी हे ऐकीव सांगत नाही. विचारणाऱ्यांत मी होतो, आणि सगळ्यात पुढं मीच होतो.

दिंद्रुडला माझं औषध-बियाण्याचं दुकान आहे. पिकाच्या औषधाचं, माणसाच्या नव्हे. पण गिऱ्हाईक मला डाक्टर म्हणतं, आणि माणसाला दिवसातून पन्नास बारी कुणी डाक्टर म्हटलं की त्यालाही तसं वाटायला लागतं. शेतकरी पिशवीत कपाशीचं पान घालून आणतो, काउंटरवर ठेवतो. मी पान उलटं करतो, हं करतो, बाटली काढून देतो. पानामागची कीड मावा आहे का तुडतुडा, एवढं मला कळतं. एवढ्या विद्येवर मी पाहुण्यांच्या गुडघ्यापासून शेजाऱ्याच्या साखरेपर्यंत सगळ्यावर मत द्यायचो. कुणी अडवायचं नाही. आपल्याकडं ज्याचं रस्त्यावर दुकान, त्याला अक्कल असणारच असं लोक धरून चालतात.

दुकानाच्या मागं घर. घरात आईचा शब्द चालतो. वडील असताना त्यांचाही चालत नव्हता. आई छाती ठोकून सांगते, "पाच वाढवली मी, एकाला बी दवाखाना दावला न्हाई." तिला सात झाली होती. ती पाचांचंच सांगते, आणि आम्ही ते पाच जण माना डोलावतो.

तिचं शास्त्र सरळ होतं. अंग तापलं तर आजार, अंग गार तर नाटक. भाकरी थापता थापता ती लेकराच्या कपाळाला उलटा हात लावायची. तव्याशी भाजून निघालेला हात तो, त्याला कुठलंही कपाळ गारच लागणार! पण हे सुचायला मला बाप व्हावं लागलं, आणि बाप होऊनही वेळेवर सुचलं नाहीच. दुसरं शास्त्र रडण्याचं. मोठ्यानं रडलं तर नजर लागली, हळू रडलं तर झोप आली. आणि तिसरं दातांचं. लेकराला सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत जे काही होईल ते दातानं होतं. जुलाब दातानं, उलटी दातानं. सगळं त्या बिचाऱ्या दातांवर घालायचं म्हणजे मोठ्यांच्या मागं काही लागत नाही.

आमची पोरगी दहा महिन्यांची होती. फाल्गुनातले दिवस, ऊन चढायला लागलेलं. सकाळी तिला जुलाब सुरू झाले. दहा वाजेपर्यंत चार दुपटी बदलून झाली होती, आणि पाजलेलं दूधही उलटून पडलं होतं. बायको दुकानाच्या मागच्या दारात आली, पदर सावरत म्हणाली, "आवं, ऐका की. पोरगीला माजलगावला दावून आणू का?"

मी एका गिऱ्हाईकाला तणनाशकाचं प्रमाण समजावून सांगत होतो. मान न वळवता म्हणालो, "आईला इचार."

ती म्हणाली, "तुमाला इचारतेय."

आईनं आतूनच ऐकलं. तिनं पोरीच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, "दाताचे जुलाब हायेत. वरचा येतोय. आनि पानी पाजू नको बाई, पानी पाजलं की खालून तसंच जातं. पोटाला इसावा दे." झालं. दहा महिन्यांचं लेकरू, बाहेर मार्च महिन्याचं ऊन, आणि त्याचं पाणी तोडलं. मला वाटलं, बरोबरच आहे की. वाहतं ते थांबवायचं तर वरून ओतायचं कशाला? डाक्टरच ना मी!

बायको चोरून चमच्यानं पाणी पाजत होती, हे मला फार पुढं कळलं. न्हाणीत जाऊन, दार लावून. स्वतःच्या लेकराला पाणी पाजायला तिला माझ्या घरात दार लावावं लागलं.

चार वाजता मी चहाला आत गेलो. पोरगी बाजेवर होती आणि रडत होती. तोंड उघडायची, ओठ वेडेवाकडे करायची, आवाजही यायचा, पण बारीक, घोगरा. आईनं हसत मला हाक मारली. "ये, ये, बघ तुझ्या पोरीचं नाटक! डोळ्यात टिपूस न्हाई बघ. कोरडंच रडती. नुसतं घे म्हनती कडंवर." आपल्याकडं लेकरांना हे म्हणतातच. डोळ्यात पाणी नाही म्हणजे खोटं रडणं, लबाडी. मी वाकून पाहिलं. खरंच पाणी नव्हतं. गाल कोरडे, पापण्या कोरड्या. मी तिच्या हनुवटीला धरून म्हणालो, "लबाड हाईस गं तू, आजीवर गेलीस!" आणि आम्ही दोघं हसलो.

हे मी लिहितोय ते मुद्दाम. हसलो. माझं लेकरू कोरडं पडत चाललं होतं, त्याच्या डोळ्यांना रडायलासुद्धा पाणी उरलं नव्हतं, आणि मी त्याची हनुवटी हलवून हसत होतो. त्या माणसाच्या दोन कानाखाली वाजवाव्या असं मला आजही वाटतं.

बायको हसली नाही. ती म्हणाली, "दोन दिसांपूर्वी रडली तर गळ्यापर्यंत पानी यायचं हिचं. आज कावून येत न्हाई? चला की घेऊन." ही दुसरी बारी.

मी दुकानातलं वाक्य घरात वापरलं. पिकावर काही दिसलं की आम्ही म्हणतो, दोन दिवस बघा, मग फवारा. मी म्हणालो, "दोन दिवस बघू."

त्या रात्री मी झोपलो. गाढ झोपलो, हेही सांगून टाकतो.

सकाळी पोरगी शांत होती. आई खूश. "बघ, गप पडली का न्हाई? आराम पडला." आमच्या घरात शांत लेकरू म्हणजे बरं झालेलं लेकरू. कुणाला त्रास नाही, कुणाची झोपमोड नाही, मग आजार कसला? बायकोनं तिला उचललं तर मान एकीकडं गेली. डोळे आत गेलेले, अर्धे मिटलेले. मग आईनं डोक्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "अगं बया! टाळू बसलीय हिची."

खरंच बसली होती. लेकराच्या डोक्यावर ती मऊ जागा असते ना, तिथं चांगला खळगा पडला होता. मीही बोट लावून पाहिलं. घरातल्या सगळ्यांनी पाहिलं, शेजारणींनीही येऊन पाहिलं. नेमकी खूण होती ती. शिकलेल्या डॉक्टरनं बघितली असती तर तो उठून उभा राहिला असता. ती खूण आम्हाला कळली, हाताला लागली, आम्ही तिला नावही दिलं. आणि केलं काय? बसलेली टाळू वर आणायची म्हणून आईनं कोमट खोबरेल तेल केलं आणि त्या खळग्यात भरलं. वर कापसाचा बोळा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

"आता दुपारपर्यंत टाळू भरून येती बघ," आई म्हणाली. एक शेजारीण म्हणाली, तिच्या नातवाची अशीच भरून आली होती. ती आली असेल. ते लेकरू पाणी पीत असेल.

तेल कानामागून गळ्यात उतरत होतं, बायको ते पदरानं टिपत होती. तिनं मला दारात गाठलं. तिचा आवाज बदलला होता. "मी हात जोडते तुमाला. आत्ता निघू."

मलाही आता बरं वाटत नव्हतं. पण म्हणून मी उठून निघालो का? छे! साडेनऊ वाजता मी आप्पांना फोन लावला.

आप्पा म्हणजे आमचे थोरले बंधू. पुढारी आहेत. पक्ष कोणता ते विचारू नका, तो त्यांनाही अधूनमधून विचारून घ्यावा लागतो. आमच्या भागात फोनशिवाय पान हलत नाही. कचेरीत कागद हवा, फोन. ठाण्यात जायचं, फोन. उसाला तोडणीची टोळी हवी, फोन. आणि दवाखान्यात जायचं तरी आधी फोन, म्हणजे डॉक्टर आपलं नाव ऐकून वाट बघत उभा राहतो म्हणे. फोन न करता गेलं तर चारचौघांसारखं बाकड्यावर बसावं लागतं, आणि आप्पांच्या घरचं माणूस बाकड्यावर बसलेलं कुणी पाहिलं तर आप्पांची बेअब्रू. मोडलेलं हाड घेऊनसुद्धा आमच्या घरची माणसं फोनची वाट बघत बसलेली आहेत. तो आमचा दस्तूरच आहे.

आप्पा म्हणाले, "मीटिंगमधी हाय. तू निघू नको, मी डाक्टरला बोलतो अन् तुला कळवतो. उगं जाऊन ताटकळत बसताल."

मी बायकोला सांगितलं, "आप्पाचा फोन येऊ दे, लगेच निघू."

ती आत गेली. मी दुकानात येऊन बसलो, मोबाईल काउंटरवर उताणा ठेवला. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मधे एकदा ती आली आणि फक्त एवढंच विचारलं, "आला का?" मी म्हणालो, "येईल की. त्यांला काय ह्येच काम हाय का?" ही चौथी बारी, आणि शेवटची.

बाराच्या सुमारास ती घरातून निघाली. मागच्या दारानं नाही, पुढच्या. दुकानातून, गिऱ्हाईकांच्या मधून. अंगावर घरातलंच लुगडं, पायात चप्पल होती का नव्हती आठवत नाही. पोरगी खांद्यावर टाकलेली, तिचा हात नुसता लोंबत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. माजलगावच्या वाटेवरच्या तेलगावकडं जाणारी जीप उभी होती, त्या दिशेनं ती चालायला लागली.

काउंटरपाशी एक म्हातारा शेतकरी उभा होता. तो म्हणाला, "डाक्टर, लेकरू कावून आसं लोंबतंय वो?"

तेव्हा मी पळालो. आता खरी गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी लेकरासाठी पळालो नाही. बायको भर बाजारातून एकटी चाललीय, लोक बघतायत, उद्या काय म्हणतील, म्हणून पळालो. जीपमधे तिच्या शेजारी बसलो तेव्हाही पहिलं वाक्य काय बोललो असेन? "मानसात जरा तरी इज्जत ठिवशील का न्हाई माझी?"

ती पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास चालतोय का बघत.

तेलगावच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. बायको जीपमधून उतरली, तिच्या मागं मी. पोरगी घेऊन ती ट्रॉल्यांच्या मधून पलीकडं गेली आणि माजलगावच्या बाजूला तोंड करून उभ्या असलेल्या एका टेम्पोला हात केला. टेम्पोवाला ओळखीचा ना पाळखीचा. त्यानं एकदा लेकराकडं पाहिलं आणि म्हणाला, "बसा ताई." त्याला कुणाचा फोन आला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, आवाज करडा. बाकड्यावर दहा-बारा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. बायको दारातच म्हणाली, "ही डोळे उघडत न्हाई," आणि त्या सगळ्या बाया न सांगता बाजूला सरकल्या. एवढंच लागत होतं. एवढ्यासाठी मी अडीच तास मोबाईलकडं बघत बसलो होतो.

मी आत गेल्या गेल्या म्हणालो, "आप्पांचा फोन आला आसंल तुमाला."

"कोण आप्पा?" बाई पोरीकडंच बघत होत्या. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली, खाली बसायला वेळ लागला. डोक्यावर हात नेला, बोटं तेलानं माखली. "हे काय आहे?"

"टाळू बसली व्हती," मी म्हणालो.

"बसली होती हे खरंय. अंगातलं पाणी गेलं की बसते. लेकराला पाणी पाजायचं होतं, तुम्ही तेल ओतलंत." मग हात चालू ठेवूनच विचारलं, "लघवी शेवटची कधी केली?"

मी ऐटीत म्हणालो, "केली आसंल की सकाळी."

"काल दुपारी तीनला," बायको म्हणाली. "त्याच्यानंतर न्हाई. जुलाब काल नऊ, आज सा. उलट्या पाच. काल चारपासून डोळ्यात पानी न्हाई. आज पाटंपासून पीत न्हाई."

बाईंनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "एवढं सगळं कळत होतं, तर काल का आणलं नाहीत?"

बायकोनं पोरीच्या गळ्यावरचं तेल टिपलं. मग म्हणाली, "इचारलं व्हतं मी."

"कुणाला?"

"ह्येंला. चार बारी."

ती ओरडली नाही, रडली नाही, बोटही दाखवलं नाही. बाई मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नर्सला म्हणाल्या, "यांना बाहेर थांबायला सांगा," आणि हाताला शीर सापडेना म्हणून माझ्या पोरीच्या डोक्यातली शीर शोधायला लागल्या. दार बंद झालं. आतून काहीच आवाज येत नव्हता, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की ती रडावी, कोरडं का होईना, खोटं का होईना, रडावी.

बाकड्यावर बसलो होतो तेव्हा आप्पांचा फोन आला. "हां, बोललो बरं का डाक्टरला. आपला मानूस हाय. जा तू, माझं नाव सांग." नंतर कळलं, त्यांनी ज्याला फोन केला होता तो हाडांचा डॉक्टर होता.

पोरगी वाचली. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी बाई काहीच सांगत नव्हत्या, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आणखी एक-दोन तास उशीर केला असतात तर मी काही करू शकले नसते." मग वरातीमागून घोडं यावं तसे आप्पा गाडीतून पाच माणसं घेऊन आले. केळी, सफरचंद, फोटो. खाटेशेजारी उभं राहून नर्सला म्हणाले, "काळजी घ्या, घरचंच लेकरू हाय." आई आली ती सांगतच आली, "मी म्हनत नव्हते का, टाळूवरच गेलंय म्हनून?" गावात आजही गोष्ट अशी सांगतात की आजीनं दुखणं ओळखलं आणि आप्पांच्या फोनमुळं पोरगी वाचली. माझ्यासमोर सांगतात. मी चहा मागवतो.

बायकोची बहीण भेटायला आली तेव्हा तिनं मला तोंडावर विचारलं, "दाजी, पोरगा आसता तर बी फोनची वाट बघितली आसती का?" मी तेव्हा रागावलो.

त्या दिवसापासून बायकोनं मला विचारणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. लेकराला ताप आला की पिशवी उचलते आणि निघते. आल्यावर सांगते, जाऊन आले. आई पुटपुटते, आप्पा म्हणतात की तू तिला डोक्यावर चढवून ठेवलंस. मी कसला चढवतोय! तिनं मला खाली उतरवून ठेवलंय, एवढंच.

पोरगी आता दुसरीत आहे. मागच्या महिन्यात बायको तेलगावला लग्नाला गेली होती. पोरगी शाळेतून मधेच आली, दुकानात खताच्या पोत्यावर बसली. तोंड पांढरं पडलेलं. पोटाला हात धरून होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाई."

"दुखतंय का? उलटी झाली का?"

"दोनदा. मम्मीला फोन लावा, पप्पा."

मी काउंटरमागून लगबगीनं बाहेर आलो. मनात म्हटलं, आता तरी. "मम्मी कशाला पायजे? मी हाय की. चल, गाडी काढतो, जाऊ डाक्टरकडं."

तिनं नकारार्थी मान हलवली. रागानं नाही, शहाण्या माणसानं खुळ्याला समजावून सांगावं तसं म्हणाली, "न्हाई. तुमी आधी आप्पाला फोन लावताल."

मी तिला खोटं ठरवायला तोंड उघडलं. पण मोबाईल माझ्या हातात होता, आणि आप्पांना रिंग गेलेली होती.